चूक शेजारच्या वेबसाईटची, मेल बंद आपला! सर्व्हर ‘ब्लॅकलिस्ट’ होतो म्हणजे नेमकं काय?

शेतकरी उत्पादक कंपन्या, पतसंस्था, शाळा यांच्या वेबसाईट आता तालुक्याच्या गावांतही झाल्या आहेत. सोबत संस्थेच्या नावाचा ईमेलही मिळतो. पण कधी कधी व्यापाऱ्याला पाठवलेलं कोटेशन पोहोचतच नाही आणि ‘ब्लॉक्ड’ असा इंग्रजी मेसेज परत येतो. मेल तर एकच पाठवला होता, मग असं का?

एका डीपीवर सगळे पंप

स्वस्तातलं होस्टिंग बहुधा ‘शेअर्ड’ असतं. एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहकांच्या वेबसाईट असतात आणि सर्वांचे मेल बऱ्याचदा एकाच आयपी पत्त्यावरून बाहेर पडतात. एका डीपीवर जादा भार आला की सगळ्यांचेच पंप बंद पडतात, तसंच इथे होतं. एका ग्राहकाने हजारो जाहिरातींचे मेल सोडले की तो आयपी काळ्या यादीत जातो. १९९८ मध्ये सुरू झालेली स्पॅमहाउस ही संस्था अशा याद्या ठेवते. जगभरातले मेल सर्व्हर त्या पाहून मेल घ्यायचा की नाकारायचा ते ठरवतात.

दर वेळी कुणी मुद्दाम करतं असंही नाही. सोपा पासवर्ड किंवा अपडेट न केलेली वेबसाईट असेल तर हॅकर तिथूनच मेल सोडतात.

होस्टिंग कंपनीचं काम काय?

प्रत्येक ग्राहकाला तासाला किती मेल पाठवता येतील याची मर्यादा घालणं, जास्त मेलवाल्यांना वेगळ्या सेवेवर हलवणं आणि हॅक झालेलं खातं लगेच थांबवणं. मूळ कारण दूर न करता यादीतून नाव काढून घेतलं, तर आयपी पुन्हा यादीत जातो.

जीमेलनेही फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. जीमेल खात्यांवर रोज ५,०००हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी लागतात. हजारातल्या तीन मेलवर ‘स्पॅम’ची तक्रार झाली, तरी मेल अडू शकतात.

आपण काय करायचं?

• परत आलेला मेसेज डिलीट करू नका, होस्टिंगवाल्याला जसाच्या तसा पाठवा. कारण बहुधा त्यातच लिहिलेलं असतं.
• एसपीएफ आणि डीकेआयएम सुरू आहे का, ते वेबसाईट बनवणाऱ्याला विचारा.
• सर्व सभासदांना सभेची नोटीस पाठवायची असेल तर बल्क मेलची वेगळी सेवा घ्या.
• ईमेलच्या याद्या विकत घेऊ नका. बंद पडलेले पत्ते काढून टाका.
• पासवर्ड अवघड ठेवा, वेबसाईट अपडेट ठेवा.
• स्पॅमहाउसच्या यादीतून नाव काढायला पैसे लागत नाहीत. त्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

टेंडर, कोटेशन असा तारखेचा मेल असेल तर पाठवल्यावर फोन करून पोहोचल्याची खात्री करा. होस्टिंगचं नूतनीकरण करण्याआधी कंपनीला एवढं जरूर विचारा, ‘आयपी ब्लॅकलिस्ट झाला तर तुम्ही काय करता?’