जोडताऱ्यांचा संसार आणि कृष्णविवरे



लागण, खोडवा, खते यांविषयी आम्ही नेहमी लिहितो. या वेळी विषय आभाळातला आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभारायची आहे. केंद्र सरकारने २०२३ साली तिला मंजुरी दिली. तिथे नेमके काय टिपणार, हे समजायला जोडताऱ्यांची माहिती हवी.

आपला सूर्य एकटा. पण पुष्कळ तारे जोडीने जन्मतात व एकमेकांभोवती फिरतात. त्यातला जो वजनदार, तो आधी संपतो, कारण तो इंधन भसाभस जाळतो. सूर्याचे आयुष्य सुमारे एक हजार कोटी वर्षांचे. सूर्याच्या पंचवीसपट ताऱ्याचे एक कोटीही नाही.

इंधन सरत आले की तारा फुगतो. प्रत्येक ताऱ्याच्या ओढीला हद्द असते. बांध फुटल्यावर पाणी शेजारच्या वावरात जावे, तसा हद्दीबाहेरचा वायू जोडीदाराकडे वाहतो. पुढे मोठ्या ताऱ्याचा गाभा कोसळतो व कृष्णविवर होते. त्यातून प्रकाशही सुटत नाही.

मग दुसऱ्याची पाळी. त्याचा वायू भोवऱ्यासारखा फिरत कृष्णविवराकडे जातो, तापतो आणि क्षकिरण फेकतो. हंस तारकासमूहातील 'सिग्नस एक्स-१' १९६४ साली असाच सापडला. तिथले कृष्णविवर सूर्याच्या सुमारे २१ पट असून जोडीची फेरी ५.६ दिवसांत पुरी होते.

वायू फारच वेगाने आला तर दोघे एकाच वायूच्या वेष्टनात सापडतात. घर्षणाने अंतर घटते. वेष्टन उडाले तर जोडी जवळ येऊन टिकते; नाही उडाले तर दोघांचे एकच होऊन जाते.

टिकलेल्या जोडीतला दुसराही कृष्णविवर झाला, की दोघे फिरता फिरता गुरुत्वलहरींवाटे ऊर्जा गमावतात व शेवटी एकमेकांत मिसळतात. अंतर जास्त असेल तर विश्वाचे आजवरचे वयही त्याला पुरत नाही. म्हणून जवळिकीला एवढे महत्त्व.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन लायगो यंत्रांनी अशी लहर प्रथम पकडली. एक विवर ३६ सूर्यांचे, दुसरे २९ चे. मिळून झाले ६२ चे. काट्यावर तीनची घट दिसते ना? तेवढे वस्तुमान लहरींच्या ऊर्जेत गेले!

औंढ्याचे यंत्र सुरू झाले, की लहर कोणत्या दिशेने आली हे अधिक नेमके कळेल. आपल्या मराठवाड्याच्या मातीत हे काम होणार, ही समाधानाची गोष्ट.

पुढील अंकात खोडव्याची निगा.

— ऊस विकास विभाग