वही तपासली, पण मूल शिकलं का?

धाराशिवच्या ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या उरुसावर सातवीतल्या एका मुलानं इंग्रजीत आठ ओळी लिहिल्या. अब्बूंनी खेळण्यांचं दुकान लावलं, रात्री अवकाळी पाऊस आला, माल भिजला. आम्ही १९ ठिकाणी लाल गोल केले आणि खाली शेरा दिला, ‘स्पेलिंग सुधारा’. माल भिजला त्याबद्दल एक शब्द नाही. पुढचा निबंध त्यानं गाईडमधून उतरवून आणला. एकही चूक नाही!

चूक आमची होती. बीएडला पाठ कसा घ्यायचा ते शिकलो, लेखनावर शेरा कसा द्यायचा ते नाही. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. २०१६ मध्ये राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी नऊ जिल्ह्यांत ‘तेजस’ सुरू केला. त्यात शिक्षकांचे छोटे गट नियमित भेटत. अशाच गटात पाठाच्या टाचणाऐवजी तपासलेल्या वह्या घेऊन बसायला हवं.

कारण चुकांना कारणं असतात. उर्दू आणि मराठी लिपीत कॅपिटल अक्षर नाही. ‘ए’, ‘द’ दोन्ही भाषांत नाहीत. उर्दूत ‘दो भाई’, मराठीत ‘दोन भाऊ’, शब्द बदलत नाही. म्हणून मूल ‘टू ब्रदर’ लिहितं. घरी ‘इस्कूल’ बोलतात, मग कधी स्पेलिंगलाही पुढे ‘आय’ चिकटतो. याला आळस म्हणायचं कसं?

आता आम्ही आधी मजकुरावर प्रश्न लिहितो. मग एकाच प्रकारची चूक निवडतो, ती ज्या ओळीत आहे तिथे फक्त खूण करतो, शोधायची मुलानं. आणि तोच मजकूर पुन्हा लिहायचा. ही शेवटची पायरी सुटली तर शेरा वाया गेला समजा. साठ वह्या रोज अशा तपासणं होत नाही, हे खरं. आम्ही रोज दहाच घेतो. पालकांनो, वहीत लाल कमी दिसलं तर मास्तरांनी लक्ष दिलं नाही असं लगेच समजू नका.

त्या मुलाला आम्ही उशिरा का होईना विचारलं, पावसानंतर अब्बूंनी काय केलं? त्यानं दोन ओळी लिहिल्या. बाहुल्या दोन दिवस गच्चीवर वाळवल्या, मग निम्म्या भावात विकल्या. ‘ड्राय’चं भूतकाळी रूप चुकलं होतं. ते आम्ही पुढच्या आठवड्यावर ठेवलं.