आरओच्या पोटात काय चालतं?
काल आमच्या आरओचा जुना मेम्ब्रेन कापून उलगडला. मधल्या नळीभोवती कागदासारखे पातळ थर, अगदी वळकटीसारखे गुंडाळलेले! गाळ आधीच्या फिल्टरमध्येच अडकतो. कार्बन क्लोरीन काढून घेतो, नाहीतर हा नाजूक पडदा खराब होतो. मग पंप पाणी जोरात रेटतो. पाणी पडद्यापार जातं, विरघळलेले क्षार बहुतेक मागेच राहतात. ते क्षार वाहून न्यायलाच ती वेगळी नळी असते. तिचं पाणी बादलीत धरा, लादी पुसायला चालतं.

बोअरचं पाणी खारट असेल तर आरओ खरंच कामाचा. पण घेण्याआधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजाच. भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंतचा टीडीएस पिण्यासाठी स्वीकारार्ह मानलाय.