विद्यार्थी ख्रिस्ती चळवळ

विद्यार्थी ख्रिस्ती चळवळ ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आपली ख्रिस्ती श्रद्धा समजून घेता यावी व दैनंदिन जीवनात आचरता यावी, यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेली आंतरराष्ट्रीय चळवळ आहे. निरनिराळ्या देशांतील तिच्या संघटना १८९५ साली स्थापन झालेल्या जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती महासंघाशी संलग्न आहेत. श्रद्धेचा गाभा कोणता आणि तिचे आचरण कशाला म्हणावे, या प्रश्नावर चळवळीत सतत विचारमंथन झाले व प्रसंगी फूटही पडली.

पार्श्वभूमी

घरातून व मंडळीतून लाभलेली श्रद्धा बहुधा महाविद्यालयात प्रथम कसोटीस लागते. विद्यार्थी घरापासून दूर वसतिगृहात राहतो; उपासनेला जाण्याचा आग्रह धरणारे कोणी जवळ नसते आणि वर्गात नवे विचार कानी पडतात. एकोणिसाव्या शतकात उत्क्रांतिवाद व बायबलची ऐतिहासिक चिकित्सा यांमुळे ही कसोटी अधिक तीव्र झाली. अशा वेळी विद्यार्थ्यांनीच एकत्र येऊन प्रार्थना व बायबलचा अभ्यास करावा, या विचारातून ठिकठिकाणी मंडळे निघाली. केंब्रिज विद्यापीठातील आंतरमहाविद्यालयीन ख्रिस्ती मंडळ १८७७ साली स्थापन झाले. १८८६ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील माउंट हर्मन येथे धर्मोपदेशक ड्वाइट मूडी यांच्या पुढाकाराने उन्हाळी शिबिर भरले. तेथे सुमारे १०० विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनकार्याला वाहून घेण्याची तयारी दर्शविली. त्यांत कॉर्नेल विद्यापीठाचे विद्यार्थी जॉन मॉट हे होते.

जागतिक महासंघ

ऑगस्ट १८९५ मध्ये स्वीडनमधील वाडस्टेना येथील किल्ल्यात विविध देशांच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी महासंघाची स्थापना केली. मॉट हे त्याचे पहिले सरचिटणीस झाले. त्यांना १९४६ साली शांततेचे नोबेल पारितोषिक एमिली ग्रीन बाल्च यांच्यासह विभागून मिळाले. विद्यार्थिनींमधील कार्य रूथ राउझ यांनी अनेक देशांत प्रवास करून वाढविले. आरंभी महासंघ प्रामुख्याने प्रोटेस्टंट होता. १९११ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेनंतर त्यात ऑर्थोडॉक्स विद्यार्थ्यांनाही स्थान मिळाले. सर्वांनी एक व्हावे, ही योहानकृत शुभवर्तमानातील येशूची प्रार्थना महासंघाचे ब्रीद बनली.

कार्यपद्धती

मंडळाची सूत्रे विद्यार्थ्यांच्याच हाती असावीत, हे चळवळीचे प्रमुख तत्त्व होय. अध्यापक व धर्मगुरू सल्लागार असतात. लहान गटांतील बायबल अभ्यास हा कार्याचा कणा आहे. त्यात व्याख्यानापेक्षा चर्चेला महत्त्व असते आणि शंका विचारणे हे अश्रद्धेचे लक्षण मानले जात नाही. याखेरीज प्रार्थनासभा, सुट्टीतील शिबिरे व समाजसेवा हे उपक्रम चालतात. पहिल्या महायुद्धानंतर महासंघाने युरोपातील हलाखीत सापडलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९२० साली मदतकार्य उभारले. धर्म वा राष्ट्र यांचा भेद न करता अन्न व वस्त्रे पुरविण्यात आली. या कार्यातूनच पुढे जागतिक विद्यापीठ सेवा ही संस्था विकसित झाली.

मतभेद

बायबलचा अधिकार व ख्रिस्ताचे क्रूसावरील प्रायश्चित्त यांना किती मध्यवर्ती स्थान द्यावे, यावरून १९१० साली केंब्रिजचे मंडळ ब्रिटिश चळवळीतून बाहेर पडले. तेव्हापासून ब्रिटनमधील विद्यार्थी कार्याचे दोन प्रवाह झाले. वैयक्तिक परिवर्तन व सुवार्ताप्रसार यांवर भर देणाऱ्या प्रवाहातील विविध देशांच्या संघटनांनी १९४७ साली स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. मूळ चळवळीचा कल पंथांच्या ऐक्याकडे व सामाजिक न्यायाकडे वाढत गेला. १९२२ च्या पेकिंग परिषदेच्या वेळी चीनमधील विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म हा साम्राज्यवादाचा साथीदार असल्याचा आरोप करीत आंदोलन केले. परिषदेतही ख्रिस्ती व्यक्तीने युद्धात भाग घ्यावा काय, यावर वाद झाला. केवळ भक्तीवर भर दिल्यास श्रद्धा खाजगी बाब होऊन बसते, असा एका बाजूचा आक्षेप आहे. केवळ समाजकार्यावर भर दिल्यास तिचा मूळ स्रोत आटतो, असे दुसरी बाजू म्हणते.

भारतातील कार्य

भारतीय विद्यार्थी ख्रिस्ती चळवळ १९१२ साली स्थापन झाली. १९२८ साली महासंघाची सर्वसाधारण समिती म्हैसूर येथे भरली. सुवार्तावादी प्रवाहाची भारतीय संघटना १९५४ साली अस्तित्वात आली. कॅथलिक विद्यार्थ्यांचा अखिल भारतीय महासंघ वेगळा आहे.

भारतात ख्रिस्ती विद्यार्थी अल्पसंख्य आहेत. मुंबईचे विल्सन किंवा नागपूरचे हिस्लॉप यांसारख्या, मिशनऱ्यांनी स्थापन केलेल्या महाविद्यालयांतही बहुसंख्य विद्यार्थी अन्य धर्मांचे असतात. त्यामुळे स्वधर्माचे आचरण करताना सहाध्यायांच्या श्रद्धेचा आदर कसा राखावा, हा प्रश्न येथे नित्याचा आहे. केरळचे विचारवंत एम. एम. थॉमस यांनी महासंघात काम केले. राष्ट्रउभारणीतील सहभाग हाही श्रद्धेच्या आचरणाचा भाग आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. पुढे ते जागतिक चर्च परिषदेच्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष (१९६८–७५) व नागालँडचे राज्यपाल (१९९०–९२) झाले.