ग्लुकोज संवेदक व कर्बोदक-गणन

मधुमेहात रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण योग्य मर्यादेत ठेवण्यासाठी रुग्णाने स्वतः अवलंबावयाच्या दोन परस्परपूरक पद्धती. ग्लुकोज संवेदक हे त्वचेखालील ऊतकद्रवातील (कोशिकांभोवतीच्या द्रवातील) ग्लुकोजचे प्रमाण अहोरात्र मोजणारे छोटे साधन असून, जेवणातून पोटात जाणाऱ्या कर्बोदकांचा (पिष्ट व शर्करा यांचा) ग्रॅममध्ये अंदाज करून त्यानुसार इन्शुलिनाची मात्रा ठरविण्याच्या पद्धतीस कर्बोदक-गणन म्हणतात. पहिल्या पद्धतीने घडत असलेले कळते, तर दुसरीने पुढे घडणारे अजमावता येते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, म्हणजे अग्निपिंडातील (स्वादुपिंडातील) इन्शुलीन तयार करणाऱ्या कोशिका शरीराच्याच प्रतिरक्षा यंत्रणेकडून नष्ट झालेल्या रुग्णांत, या दोहोंची गरज सर्वाधिक असते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात दिवसातून अनेकदा इन्शुलीन घ्यावे लागणाऱ्यांनाही त्यांचा उपयोग होतो.

निरोगी व्यक्तीत किती इन्शुलीन केव्हा स्रवावे हे अग्निपिंड क्षणोक्षणी ठरवीत असते व त्याची जाणीवही व्यक्तीस नसते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात हेच काम रुग्णाला आकडेमोड करून, आयुष्यभर, दिवसातून चार-पाच वेळा करावे लागते. यात दोन्ही बाजूंनी धोका असून त्या धोक्यांची गती मात्र भिन्न आहे. इन्शुलीन सतत थोडे कमी पडत राहिल्यास जालपटल (डोळ्यातील प्रकाशसंवेदी पटल), वृक्क (मूत्रपिंड) व तंत्रिका (मज्जा) यांची हानी वर्षानुवर्षे नकळत होत जाते. मात्रा जास्त झाल्यास मात्र रक्तशर्करान्यूनता होऊन थोड्याच वेळात घाम, कंप, भ्रम आणि प्रसंगी झटके व बेशुद्धी अशी लक्षणे उद्‌भवतात. ती रात्री झोपेत झाली, तर रुग्णाला जाग येईलच असे नाही. लहान मुलांच्या आईवडिलांनी रात्रीतून दोन-तीनदा उठून मुलाचे बोट टोचून पाहणे, हा या रोगाच्या घरगुती व्यवहाराचा कित्येक वर्षे एक नेहमीचाच भाग होता.

इतिहास : टोराँटो येथे जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉमसन या मुलाला इन्शुलिनाचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) प्रथम देण्यात आले. तत्पूर्वी जवळजवळ उपासमार हाच उपाय होता. इन्शुलीन हाती आल्यावर अन्नाचे मोजमाप अनावश्यक ठरेल असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात ते अधिकच आवश्यक ठरले, कारण आता मात्रेला अन्नाशी जुळते ठेवावे लागे. लंडनमधील वैद्य आर्. डी. लॉरेन्स हे स्वतः मधुमेही असून १९२३ मध्ये इन्शुलीन मिळाल्यामुळे वाचले होते. त्यांनी १०-१० ग्रॅ. कर्बोदकांच्या एककांत आहार मांडण्याची सोपी पद्धत रुग्णांसाठी प्रचारात आणली. त्यांचे सहकारी आर्. ए. मकॅन्स यांनी फळे, भाज्या इत्यादींचे रासायनिक विश्लेषण करून शरीराला उपलब्ध होणारी कर्बोदके व न पचणारी कर्बोदके असा भेद केला; या दोघांचे कोष्टक १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. आजच्या गणनाचे मूळ येथे आहे. जर्मनीत १२ ग्रॅ., अमेरिकेत १५ ग्रॅ. अशी निरनिराळी एकके पुढे रूढ झाली.

अन्न मोजता येऊ लागले, पण त्याचा परिणाम मोजण्याचे साधन दीर्घकाळ अगदी अपुरे होते. बेनेडिक्ट विक्रियाकारकात मूत्र उकळून येणाऱ्या रंगावरून साखरेचा अंदाज करीत. रक्तातील प्रमाण सामान्यतः १८० मिग्रॅ.च्या वर (दर १०० मिलि. रक्तात, पुढील आकडेही याच एककात) गेल्याशिवाय साखर मूत्रात उतरत नाही, व उतरते तीही काही तासांपूर्वीची असते. रक्तशर्करान्यूनतेविषयी तर मूत्रपरीक्षा काहीच सांगू शकत नसे. १९६० नंतरच्या दशकात रक्ताच्या थेंबाने रंग बदलणाऱ्या पट्ट्या निघाल्या आणि १९८० च्या सुमारास घरी वापरण्याजोगे मापक रुग्णांच्या हाती येऊ लागले.

अमेरिका व कॅनडा येथे १,४४१ रुग्णांवर १९८३–९३ या काळात झालेल्या मधुमेह नियंत्रण व उपद्रव चाचणीने या विषयातील पेच स्पष्ट केला. कडक नियंत्रण ठेवलेल्या गटात, आरंभी जालपटलविकार नसलेल्यांना तो होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. मात्र गंभीर रक्तशर्करान्यूनतेचे प्रसंग सु. तिप्पट झाले. म्हणजे डोळे व वृक्के वाचवावयाची, तर रात्रीचा धोका पत्करावयाचा. यानंतरच्या काळातील या क्षेत्रातील बहुतेक संशोधन या पेचातून वाट काढण्यासाठीच झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

याच सुमारास उपचारांची दिशाही पालटली. पूर्वी इन्शुलिनाची मात्रा ठरलेली असे व रुग्णाने घड्याळाच्या ठोक्याला, ठरलेलेच अन्न खाऊन तिचे समाधान करावयाचे असे. भूक असो वा नसो, खावे लागे. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे विकसित झालेल्या पाच दिवसांच्या शिक्षणक्रमात हा क्रम उलटा केला गेला : आधी जेवण ठरवावे आणि त्याप्रमाणे इन्शुलीन घ्यावे. या शिक्षणक्रमाच्या ब्रिटनमधील चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आहाराचे स्वातंत्र्य वाढूनही ग्लुकोजचे नियंत्रण सुधारल्याचे आढळले. १९९६ पासून उपलब्ध झालेल्या शीघ्रक्रिय इन्शुलिनांमुळे ही पद्धत अधिक सुकर झाली.

संवेदकाची रचना व कार्य : एंझाइमयुक्त विद्युत् अग्राची मूळ कल्पना लेलंड क्लार्क व चँप लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली. आजच्या संवेदकात केसासारखा बारीक व काही मिमी. लांबीचा तंतू दंडाच्या वा पोटाच्या त्वचेखाली बसविलेला असतो. त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज या एंझाइमाचा (जीवरासायनिक विक्रियेस गती देणाऱ्या प्रथिनाचा) थर असतो. ऊतकद्रवातील ग्लुकोजचे त्यामुळे ऑक्सिडीभवन होते व मुक्त झालेली इलेक्ट्रॉने अग्राकडे जाऊन अतिसूक्ष्म विद्युत् प्रवाह उत्पन्न होतो. हा प्रवाह ग्लुकोजच्या प्रमाणात असतो. त्याचे अंकांत रूपांतर होऊन ते रेडिओ तरंगांद्वारे मोबाइल फोनवर वा स्वतंत्र ग्राहीवर दिसतात. पाच मिनिटांना एक याप्रमाणे दिवसाकाठी २८८ वाचने मिळतात. बोट टोचून मिळणाऱ्या चार-सहा आकड्यांशी याची तुलना होऊ शकत नाही. या प्रकारचा पहिला संवेदक अमेरिकेत १९९९ मध्ये मान्य झाला, पण त्याची नोंद नंतर वैद्याने पाहावयाची असे. कारखान्यातच अंशन केलेला (प्रमाणाशी जुळविलेला) आणि दोन आठवडे टिकणारा संवेदक यूरोपात २०१४ मध्ये आला, तेव्हापासून त्याचा प्रसार झपाट्याने झाला.

आकड्याशेजारी दिसणारा बाण हा संवेदकाचा सर्वांत मोलाचा भाग होय. १२० हा आकडा स्थिर असेल तर निश्चिंत असावे. तोच १२० मिनिटाला दोन-तीन मिग्रॅ.ने उतरत असेल, तर अर्ध्या तासात तो धोक्याच्या पातळीखाली जाईल. मापक हा भेद दाखवू शकत नाही. ठरविलेल्या पातळीखाली प्रमाण जाऊ लागताच वाजणाऱ्या घंटेमुळे झोपलेला रुग्ण किंवा दुसऱ्या खोलीतील आईवडील जागे होतात. वर सांगितलेल्या पेचातील रात्रीची बाजू यामुळे बरीच सौम्य झाली आहे.

तथापि संवेदक रक्त मोजत नाही, हे विसरता कामा नये. ग्लुकोज केशिकांतून ऊतकद्रवात झिरपण्यास सु. ५ ते १० मिनिटे लागतात. प्रमाण मिनिटाला ३ मिग्रॅ.ने घसरत असताना दहा मिनिटांचा विलंब म्हणजे ३० मिग्रॅ.ची तफावत होय. संवेदकावर दाब देऊन झोपल्यास वाचन खोटेच कमी येते. काही संवेदकांत पॅरासिटामॉलामुळे, तर काहींत क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे ते खोटेच वाढते. लक्षणे व आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर बोट टोचून खात्री करून घेणे हाच नियम आहे. रक्तशर्करान्यूनतेवर १५ ग्रॅ. ग्लुकोज वा साखर घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासतात. या वेळी संवेदक मागे राहत असल्याने घाबरून दुप्पट-तिप्पट साखर खाल्ली जाते व तासाभराने प्रमाण २५० च्या पुढे गेलेले दिसते. नवशिक्या रुग्णांची ही नेहमीची चूक आहे.

गणनाची रीत : प्रथम दोन गुणोत्तरे ठरवितात. एका एककाने किती ग्रॅ. कर्बोदके भागतात हे काढण्यासाठी ५०० ला, व एका एककाने ग्लुकोज किती मिग्रॅ.ने उतरते हे काढण्यासाठी १,८०० ला दिवसातील एकूण इन्शुलिनाने भागतात. दिवसाला ५० एकके लागणाऱ्या व्यक्तीत ही उत्तरे १० ग्रॅ. व ३६ मिग्रॅ. अशी येतात. हे केवळ आरंभीचे अंदाज असून वैद्याच्या सल्ल्याने ते अनुभवाप्रमाणे बदलावे लागतात.

समजा, या व्यक्तीच्या ताटात दोन पोळ्या, एक वाटी वरण, १०० ग्रॅ. भात व पालेभाजी आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅ. कणकेत सु. ६४ ग्रॅ. व कच्च्या तांदळात सु. ७८ ग्रॅ. कर्बोदके असतात. प्रत्येकी ३० ग्रॅ. कणकेच्या दोन पोळ्यांतून ३८ ग्रॅ., सु. ३५ ग्रॅ. तांदळाच्या भातातून २७ ग्रॅ., २० ग्रॅ. तूरडाळीच्या वरणातून सु. ११ ग्रॅ. व भाजीतून ४ ग्रॅ. मिळून ८० ग्रॅ. होतात, त्यासाठी ८ एकके. जेवणापूर्वी ग्लुकोज १८२ व उद्दिष्ट ११० असेल, तर उरलेल्या ७२ मिग्रॅ.साठी आणखी २ एकके, अशी मात्रा १० एकके ठरते. बाण खाली वळलेला असल्यास अथवा आधीच्या मात्रेचा अंमल शिल्लक असल्यास ती कमी करतात.

येथे कोष्टकाविषयी एक सूचना आवश्यक आहे. याच संस्थेच्या १९७१ च्या कोष्टकात कणकेतील कर्बोदके सु. ६९ ग्रॅ. दिली आहेत. गहू बदललेला नाही. जुन्या पद्धतीत तंतूंचा काही भागच वजा होत असे, नव्यात सर्व आहारीय तंतू वगळले आहेत. म्हणून निरनिराळ्या काळांतील आकडे एकत्र मिसळू नयेत.

खरी अडचण कोष्टकात नसून स्वयंपाकघरात असते. पाश्चात्त्य देशांत पावाच्या वेष्टनावर कर्बोदके छापलेली असतात. आपल्याकडे पोळीचा आकार घरागणिक वेगळा. फुलक्याला २० ग्रॅ. पीठ लागते, तर घडीच्या पोळीला ४० ग्रॅ.ही. भाकरीत ७० ग्रॅ. ज्वारीचे पीठ सहज जाते, आणि ‘एक भाकरी म्हणजे एक पोळी’ असे धरणारा रुग्ण निम्म्याहून अधिक कर्बोदके हिशेबाबाहेर ठेवतो. यावर उपाय साधा आहे : स्वयंपाकघरातील तराजूवर आठवडाभर उंडे, तांदूळ व वाटी तोलावी, पुढे डोळ्यांना सवय होते. उपवासाच्या दिवसाचा उल्लेख मुद्दाम केला पाहिजे. साबुदाणा हे जवळजवळ शुद्ध पिष्ट असून ६० ग्रॅ. साबुदाण्याच्या खिचडीत ५० ग्रॅ.च्या वर कर्बोदके असतात. बटाटा घातल्यास त्याहून अधिक. उपवास म्हणून इन्शुलीन टाळणाऱ्या रुग्णाचा आलेख दुपारी काय दाखवितो, हे वेगळे सांगावयास नको. गुळाने साखर वाढत नाही, हा समजही असाच निराधार आहे.

केवळ ग्रॅम मोजून सर्व भागत नाही. डेव्हिड जेंकिन्स यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या ग्लायसेमिक निर्देशांकावरून समान कर्बोदके असलेल्या पदार्थांचा वेग निरनिराळा असतो हे दिसून आले. पुरणपोळीवरील तूप किंवा खिचडीतील शेंगदाणे यांमुळे ग्लुकोजची वाढ लांबते. अशा वेळी जेवणापूर्वीच्या मात्रेने आधी घसरण व तीन-चार तासांनी चढ होतो. पहाटेच्या अंतःस्रावांमुळे (हॉर्मोनांमुळे) न्याहारीच्या वेळी त्याच अन्नाला बहुधा अधिक इन्शुलीन लागते. हे सर्व ग्रंथातून शिकता येत नाही. प्रत्येकाचे शरीर निराळे आणि त्याची नोंद संवेदकाच्या आलेखातच सापडते : जेवणानंतर चार तासांनी रेघ मूळ जागी परतली, तर गुणोत्तर बरोबर.

नियंत्रणाचे माप म्हणून तीन महिन्यांच्या सरासरीचा निदर्शक असलेल्या ग्लायकोसिलीभूत हीमोग्लोबिनाच्या जोडीला आता ‘मर्यादेतील काळ’ विचारात घेतात. २०१९ मधील आंतरराष्ट्रीय मतैक्यानुसार बहुतेक प्रौढांत ग्लुकोज दिवसाच्या ७० टक्क्यांहून अधिक काळ, म्हणजे सु. १७ तास, ७० ते १८० च्या दरम्यान असावे; ७० च्या खाली ४ टक्क्यांहून, म्हणजे तासाभराहून कमी काळ असावे. उरलेल्या वेळात आकडा वर गेला तर तो अपराध नव्हे, हेही या मापात अनुस्यूत आहे. रुग्णाला, विशेषतः शाळकरी मुलांना, हे स्पष्टपणे सांगणे जरूर असते.

संवेदकाच्या वाचनानुसार मूलभूत इन्शुलीन आपोआप कमीजास्त करणारा पंप अमेरिकेत २०१६ मध्ये मान्य झाला. अशा बहुतेक यंत्रांना जेवणातील कर्बोदके अजून सांगावीच लागतात, कारण त्वचेखाली दिलेले इन्शुलीन रक्तात पोहोचेपर्यंत ग्लुकोज वाढून गेलेले असते.

भारतात संवेदकाचा खर्च बहुतांशी रुग्णाच्याच खिशातून होतो व वर्षभर तो सलग वापरणे पुष्कळांना परवडत नाही. अशांनी वर्षातून काही वेळा दोन आठवड्यांपुरता संवेदक लावून, त्या काळात प्रत्येक घासाची, मात्रेची व व्यायामाची वेळेसह वही ठेवावी आणि आलेखाशी ताडून गुणोत्तरे सुधारून घ्यावीत. मधल्या महिन्यांत ती गुणोत्तरे व दिवसातून किमान चार वेळा बोटाच्या रक्ताची तपासणी यांवर काम चालते. मुलांच्या बाबतीत वाढीचे वय, परीक्षा वा सुटीतील प्रवास सुरू होताना हा पंधरवडा निवडणे अधिक उपयुक्त ठरते, कारण जुनी गुणोत्तरे सामान्यतः तेव्हाच निकामी होतात.