मलिकूच्या आईचे घड्याळ

मोपा हे आमचे गाव सड्यावरचे. समुद्राशी संबंध पेडण्याच्या बाजारातील मासळीपुरताच. म्हणूनच रीतसर परवाना काढून कोचीहून जहाजाने लक्षद्वीपच्या दक्षिण टोकाकडील मिनिकॉय बेटाकडे निघालो, तेव्हा मनात कुतूहलाइतकीच धास्तीही होती. उण्यापुऱ्या ३२ चौरस किलोमीटर भूमीच्या या द्वीपसमूहात वस्तीची बेटे केवळ १०. त्यांतही मिनिकॉय ‘नाइन डिग्री चॅनल’च्या अथांग पाण्याने इतरांपासून तुटलेले. बेटवासी त्याला मलिकू म्हणतात. त्यांची महल भाषा मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण.

माणसे जातिवंत दर्यावर्दी. १८८५ साली उभारलेले दीपगृह मागे टाकून होड्या समुद्रात शिरतात आणि जिवंत आमिष उधळून गळाने ट्यूना, म्हणजे आपला कुपा, पकडतात. अनेक पुरुष व्यापारी जहाजांवर महिनोन् महिने दूर असतात. आपल्याकडे गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात, तेच हे. मागे घरचा सारा कारभार स्त्रियांच्या हाती.

तेथील डॉक्टरांच्या शेजारी बसलो असताना एक तरुण आई आठ महिन्यांचे बाळ घेऊन आली. नवरा बोटीवर. ताप बेताचा, बाळ हसतही होते. ‘मिनिटाला साठ,’ ती म्हणाली. रात्री घड्याळ समोर ठेवून तिने दोनदा श्वास मोजले होते. २ ते ११ महिन्यांच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक झाले की न्यूमोनियाचा संशय घ्यावा, हे तिला आरोग्यसेविकेने शिकवले होते. डॉक्टरांनी मोजले, ५८ भरले. औषध तत्काळ सुरू झाले. ‘इथे वाट पाहणे परवडत नाही,’ ते म्हणाले, ‘पावसाळ्यात जहाजाचा भरवसा नसतो आणि हेलिकॉप्टर आभाळ मोकळे असेल तेव्हाच.’ तिसऱ्या दिवशी बाळ आईच्या कडेवर खेळत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. अनेक वर्षांपूर्वी भर पावसात एका बापाने फोन केला होता. ‘सकाळी घेऊन या’ असे मी सांगितले. सकाळी आलेले मूल निळे पडले होते. ते वाचले नाही. आपल्याकडे रस्ता आहे, वाहन आहे, बांबोळीचे मोठे रुग्णालय आहे. या भरवशावर मी श्वास किती, एवढे विचारलेच नव्हते.

आता लसीकरणाला येणाऱ्या प्रत्येक आईला मी बाळाच्या पोटाकडे पाहत मिनिटभर श्वास मोजायला लावतो. वैद्यकमित्रहो, आपणही हे अवश्य करावे. त्यास घड्याळाखेरीज काही लागत नाही.