तालमीआधीचा खेळ

नाटक बसवायला आलेला माणूस मुलांना घेऊन पहिला तासभर फुगड्या घालायला लागला, तर बघणाऱ्यांनी काय समजावं? काही वर्षांपूर्वी आंबेगाव तालुक्यात, आहुप्याच्या बाजूच्या एका शाळेत मी मुलांचं नाट्यशिबिर घेत होतो. तिसऱ्या दिवशी तिथल्या एका शिक्षकांनी मला बाजूला घेतलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, ‘‘सर, संमेलनाला आठच दिवस राहिलेत. नाटक कधी सुरू करायचं?’’

प्रश्न रास्त होता. शाळेचं स्नेहसंमेलन असो, गणेशोत्सवातली एकांकिका असो की पुण्यातल्या पुरुषोत्तम करंडकाची तयारी असो, दिवस नेहमी कमीच असतात. अशा वेळी गोल करून उभं राहायचं, चेंडू फेकायचा, डोळे बांधून चालायचं, हे सगळं वरवर पाहता वेळ घालवणंच वाटतं. ते तसं का नाही, याबद्दल आज थोडं बोलायचं आहे.

आधी मुलांबद्दल सांगतो. आहुपे हे सह्याद्रीच्या ऐन कड्यावरचं गाव. घोडेगाव सोडलं की डिंभे धरणाच्या जलाशयाच्या कडेनं रस्ता वर चढत जातो. गावाशेजारी भैरवनाथाची दाट देवराई आहे आणि कड्याच्या टोकाला उभं राहिलं की खाली मुरबाडकडचं कोकण दिसतं. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. पावसाळ्यात भात-नाचणी आणि उन्हाळ्याच्या तोंडी हिरडा गोळा करणं, हा इथला वर्षाचा क्रम. इथली मुलं झाडावर सरसर चढतात, दरीपलीकडच्या माणसाला हाळी घालतात, गुरांमागे कोसभर पळतात. शरीर आणि आवाज या नटाच्या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे शहरातल्या मुलांपेक्षा काकणभर सरसच.

पण त्याच मुलाला वर्गाच्या पुढच्या बाजूला उभं करून हातात संवादाचा कागद दिला, की काय होतं? हात अंगाला चिकटतात. खांदे वर येतात. दरीपलीकडे जाणारा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. सगळी वाक्यं एका सुरात येतात आणि नजर सतत गुरुजींकडे, चुकलं तर नाही ना, एवढंच विचारणारी.

याची कारणं तीन. एक, आपल्याकडे कुणीतरी बघतंय ही जाणीव. दुसरं, चुकलो तर हसतील ही भीती. आणि तिसरं कारण अशा शाळांमध्ये विशेष जाणवतं. कागदावरची मराठी ही घरातली मराठी नसते. ‘मी आलो नाही’ हे साधं वाक्यसुद्धा मूल आधी मनात तपासून घेतं आणि मग उच्चारतं. या तपासणीत अभिनय कुठून येणार? भीतीनं श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकतो. श्वास अपुरा, म्हणून आवाज बारीक. ‘मोठ्यानं बोल’ असं दहा वेळा ओरडून तो मोठा होत नाही, उलट आणखी आत जातो.

खेळाचं काम इथे सुरू होतं. आंधळी कोशिंबीर खेळणारं मूल ‘मी कसा दिसतो’ याचा विचार करत नाही. त्याचं सगळं लक्ष कुठून पाऊल वाजलं याकडे असतं. स्वतःवरचं लक्ष काढून घे, असं सांगून ते निघत नाही. ते दुसऱ्या कशाला तरी द्यावं लागतं, आणि खेळ हे ‘दुसरं काहीतरी’ हातात देतो. शिवाय खेळात चूक झाली तर डाव जातो, इज्जत जात नाही. पुढचा डाव लगेच सुरू होतो.

ही गोष्ट पद्धतशीरपणे मांडली ती अमेरिकेतल्या वायोला स्पोलिन या बाईंनी. त्यांची हकिकत आपल्याला जवळची वाटेल अशी आहे. शिकागो शहरात हल हाऊस नावाची एक समाजसेवी संस्था 1889 मध्ये सुरू झाली होती. परदेशांतून येऊन तिथल्या गरीब वस्त्यांत राहिलेल्या कुटुंबांसाठी ती काम करायची. तिथे नेवा बॉईड या शिक्षिका खेळांतून समाजकार्य शिकवत. 1920 च्या दशकात स्पोलिन त्यांच्याकडे शिकल्या आणि 1930 च्या दशकाच्या अखेरीला सरकारी योजनेत वस्तीतल्या मुलांचं नाटक घेऊ लागल्या. ही मुलं वेगवेगळ्या देशांतून आलेल्या घरांतली. अनेकांच्या घरची भाषा वेगळी आणि बाहेरची इंग्रजी वेगळी. त्यांना व्याख्यानं देऊन अभिनय शिकवता येईना. म्हणून स्पोलिनबाईंनी रंगमंचावरच्या एकेका अडचणीवर एकेक खेळ तयार केला. प्रत्येक खेळात सोडवायचा एक नेमका प्रश्न असे आणि खेळणाऱ्याचं लक्ष त्या प्रश्नावर खिळलेलं असे. त्या खेळांचं त्यांचं पुस्तक 1963 मध्ये निघालं आणि जगभर गेलं. त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स हे 1959 मध्ये सुरू झालेल्या ‘सेकंड सिटी’ या शिकागोच्या नामांकित नाटकमंडळीच्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे वस्तीतल्या मुलांसाठी काढलेले खेळ पुढे व्यावसायिक नटांच्याही कामी आले.

ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी आणखी एक मुद्दा मांडला. माणूस रोज तेच काम करतो, तेव्हा त्याचं शरीर त्या कामाच्या साच्यात बसतं. दिवसभर टेबलाशी बसणाऱ्याची मान एका तऱ्हेची होते, डोक्यावर ओझं वाहणाऱ्याची दुसऱ्या. दुसऱ्या माणसाची भूमिका करायची तर हा साचा आधी सैल व्हायला हवा, आणि तो खेळानं सैल होतो. आपल्याकडे बादल सरकारांनीही लिखित संहितेइतकंच महत्त्व शिबिरातल्या शारीरिक सरावाला आणि एकमेकांवरच्या विश्वासाला दिलं.

ही मोठी नावं ऐकून असं वाटेल की हे खेळ बाहेरून आणायचे आहेत. मीही पहिल्या दिवशी तशाच तयारीनं गेलो होतो. वहीत वीस खेळ लिहिलेले. त्यातले निम्मे समजावून सांगण्यातच वेळ गेला आणि मुलं पुन्हा परीक्षेला बसल्यासारखी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी मी वही मिटली आणि विचारलं, ‘‘तुम्ही काय खेळता?’’ मग काय, यादी संपेना!

त्या यादीकडे नटाच्या नजरेनं पाहिलं तेव्हा मी चकित झालो. हुतूतू घ्या. एका दमात आवाज न तोडता समोरच्या पाटीत जायचं, गडी बाद करायचा आणि दम संपण्याआधी परत यायचं. लांब वाक्य एका श्वासात पेलायचं, हाच तर नटाचा रियाज! आंधळ्या कोशिंबिरीत कान तयार होतात. मामाचं पत्र हरवलं या खेळात पाठीमागे काय चाललंय याचं भान येतं, आणि रंगमंचावर पाठीमागचं भान नसलेला नट दुसऱ्याच्या वाटेत उभा राहतो. आट्यापाट्यांत समोरच्याचं पाऊल पडण्याआधी त्याचा इरादा ओळखावा लागतो.

आणि फुगडी. दोघी हातांची अढी घालतात, पाय जुळवतात आणि मागे रेलून गरगर फिरतात. वेग वाढला की दोघींचा तोल एकमेकींच्या हातात असतो. एकीनं हात सोडला तर दोघी पडणार. शहरातल्या शिबिरांत परस्परविश्वास वाढवण्यासाठी जे व्यायाम मोठ्या तयारीनं घेतले जातात, त्यांचं सार या एका खेळात आहे. मुलांनी आधी ‘हा पोरींचा खेळ’ म्हणून नाकं मुरडली. मग मी स्वतः एका मुलाबरोबर फुगडी घातली आणि सपशेल आपटलो. सगळा वर्ग हसला. त्या हसण्यानंतर मात्र त्या वर्गात चुकायची भीती बरीच कमी झाली. खेळ घेणाऱ्यानं स्वतः खेळायला हवं, हा धडा मला तिथे मिळाला.

आपल्या लोकरंगभूमीला हे नवं नाही. आहुप्यापासून फार दूर नसलेलं जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव हे तमाशाचं मोठं केंद्र, विठाबाई नारायणगावकरांचं गाव. तमाशात वग एकदम सुरू होत नाही. आधी गण, मग गवळण, मग बतावणी. बतावणीत सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार शब्दाला शब्द लावत जातात. समोरच्यानं काय टाकलं ते झेलायचं आणि त्यात भर घालून परत द्यायचं. त्यातून प्रेक्षक रंगतात, तसे नटही एकमेकांच्या लयीत येतात. भजनी मंडळसुद्धा आधी गजर करून टाळ, पखवाज आणि गळा एका ठेक्यात आणतं आणि मगच अभंगाला हात घालतं.

आता हे खेळ कसे घ्यावेत, याविषयी अनुभवाचे चार शब्द. तालमीपूर्वी पंधरा ते वीस मिनिटं पुरतात. पहिल्या दोन-तीन दिवशी जास्त वेळ द्यावा, मग कमी करावा. क्रम असा ठेवावा: आधी अंग मोकळं करणारा खेळ, मग आवाजाचा, मग लक्ष एकवटणारा. शेवटचा खेळ त्या दिवशीच्या प्रवेशाकडे नेणारा असावा. त्या दिवशी भांडणाचा प्रवेश बसवायचा असेल, तर दोघांनी फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन शब्दांत भांडून दाखवावं. संवाद न वाचताच भांडणाची चढण त्यांना कळते. खेळ आणि नाटक यांच्यामध्ये असा पूल नसेल, तर शिक्षकांची तक्रार खरी ठरते. मग तो नुसता खेळाचा तास होतो.

संगीत खुर्चीसारखे, बाद झालेल्याला कडेला बसवणारे खेळ शक्यतो टाळावेत. त्यात सगळ्यात आधी बाद होतं ते बुजरं मूल, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप तेच कडेला बसून राहतं. बाद झालेल्याला दुसरं काही काम द्यावं. ज्याला पळता येत नाही त्याच्यासाठी बसून खेळायचा खेळ हवा. स्पर्श असलेल्या खेळात कुणालाही, विशेषतः मुलींना, भाग घेण्याची सक्ती नसावी. कुणाच्या व्यंगावर, जातीवर, घरच्या बोलीवर हसू येईल असा खेळ तर चुकूनही घेऊ नये. भीती घालवण्यासाठी आणलेला खेळच तिथे नवी भीती पेरतो. आणि खेळ रंगात आला असतानाच थांबवावा, म्हणजे तो उत्साह तालमीत उतरतो.

शेवटी त्या शिक्षकांच्या प्रश्नाकडे येतो. आमचं नाटक हिरड्यावर होतं. संवाद मी लिहून नेले होते. चौथ्या दिवशी आम्ही एक खेळ घेतला: हातात काहीच नसताना वस्तू आहे असं समजून ती पुढच्याला द्यायची. त्यातून हिरड्याचं पोतं आलं, पोत्याबरोबर काटा आला आणि काट्याबरोबर माल घेणारा व्यापारी. व्यापारी झालेला मुलगा काट्याकडे वाकून बघत होता. तीन दिवस एक शब्दही न बोललेली एक मुलगी एकदम म्हणाली, ‘‘तो काट्याकडं नाही बघत. आपल्याकडं बघतो.’’

वर्ग शांत झाला. सगळ्यांनी ते पाहिलेलं होतं. मालाचं वजन करताना समोरच्या बाईला किती गरज आहे, याचं वजन करणारी ती नजर. माझ्या संहितेत ती नव्हती, कारण मी आईबरोबर हिरडा विकायला कधी गेलोच नव्हतो. तो प्रवेश आम्ही मुलांच्या बोलीत, मुलांच्या शब्दांत नव्यानं बसवला. त्याला दोन दिवस लागले. पाठांतरासाठी वेगळा वेळ द्यावाच लागला नाही.

खेळांनी जादू केली असं मी म्हणणार नाही. दोन मुलं शेवटपर्यंत एकाच सुरात बोलली. संमेलनाच्या दिवशी व्यापारी झालेला मुलगा मध्येच वाक्य विसरला. पण त्यानं गुरुजींकडे पाहिलं नाही. त्यानं समोरच्या मुलीकडे पाहिलं. तिनं पोत्याला हात घालून विचारलं, ‘‘काय झालं, भाव आठवंना का?’’ हे वाक्य कागदावर कुठेच नव्हतं. समोर बसलेल्या बायाबापड्या खळखळून हसल्या आणि नाटक पुढे गेलं.

कार्यक्रम संपल्यावर ते शिक्षक मला भेटले. म्हणाले, ‘‘सर, पुढच्या वर्षी तुम्ही नसलात तर फुगडीपासूनच सुरू करतो.’’ मी म्हटलं, ‘‘करा. पण आधी तुम्ही घाला.’’